खिडकीतला आवाज

बर्मिंगहॅम
४ नोव्हेंबर १९७९

प्रिय डेलरोज,

उभी असशील तर आधी खाली बस. बसलीस? काल मी तुझ्या पपाला पाहिलं. माझा भाऊ युटन, भिंतीएवढा मोठा!

आमच्या हँड्सवर्थच्या थिएटरात आपल्याकडचा, जमैकाचा सिनेमा लागलाय. रेगे वाजवणाऱ्या पोरांचा. एका बँडमधला ट्रॉम्बोनवाला ऐन कार्यक्रमाच्या दिवशी गायब होतो आणि त्याचे सोबती त्याला सगळ्या किंग्स्टनभर शोधत फिरतात, एवढीच गोष्ट. पण गोष्टीकडे लक्ष कुणाचं होतं? सगळं थिएटर आपल्याच माणसांनी भरलेलं. ऑरेंज स्ट्रीटवरची रेकॉर्डची दुकानं दिसली, दारात स्पीकर लावलेली, की लोक ओरडायचे. नारळवाल्याने कोयत्याने शहाळं छाटलं तर माझ्या मागची बाई म्हणाली, "अगं बाई, मला तहान लागली." एक म्हातारा उभा राहून "ते माझं फाटक! ते माझं फाटक!" करत राहिला. त्याच्या बायकोने त्याला कोटाला धरून खाली बसवलं. "फाटक तुझं नाही, घरमालकाचं. बस आता." पण रडत तीही होती.

आणि मग ती पोरं शोधत शोधत एका अंगणात येतात. तर समोर आपलंच अंगण! तो पाण्याचा नळ, ते ब्रेडफ्रूटचं झाड. आणि स्पीकरच्या खोक्याला टेकून युटन गातोय. पोरं विचारतात, ट्रॉम्बोनवाला पाहिलास का? तो गाणं न थांबवता हनुवटीनेच रस्ता दाखवतो. डेलरोज, मी हॉस्पिटलच्या लाँड्रीत इतकी वर्षं चादरी उकळते आहे, वाफेने डोळे कोरडे झालेत असं मला वाटत होतं.

बारीक झालाय तो. गळ्याला लाल रुमाल काय, छैलाच! पण आवाज? आवाजाला एका दिवसाचंही वय लागलेलं नाही.

मागे दोरीवरचे कपडे काढणारी एक पोरगी दिसली. काहीतरी चोरून नेत असल्यासारखी सारखी वळून बघत होती. ती तूच. मी निघाले तेव्हा तू माझ्या कमरेला लागत होतीस. त्याच खोक्यांच्या पाठीवर खडूने तुला अक्षरं शिकवली मी. आठवतं का?

युटन कसा आहे ते लिही. गातो ना अजून? सगळं लिही.

तुझी,
लुरलीन आत्या


किंग्स्टन
२६ नोव्हेंबर १९७९

प्रिय आत्या,

तुझं पत्र मिळालं. पपांना मी ते दोनदा वाचून दाखवलं. "छैला" आल्यावर ते हसले.

अक्षरं मला चांगली आठवतात. शाळेत जायच्या आधी मला वाचता येत होतं ते तुझ्यामुळे. आता मीच लहान मुलांना शिकवते, तरी फळ्यावर 'एस' काढताना तू मागे उभी आहेस आणि "पोट जास्त फुगलं" म्हणणार आहेस असं वाटतं.

शूटिंगचं सांगते. दिग्दर्शक हॅलमसाहेब इंग्लंडचेच. माणूस सभ्य, पण उन्हाने बीटासारखा लाल झालेला. मास सेफस त्यांना घेऊन आले होते. सेफस अजून तसेच आहेत, तोच साउंड, तीच तबकड्यांची पेटी आणि स्पीकरची खोकी घेऊन गल्लोगल्ली नाच लावतात, आणि खोकी दुसऱ्या कुणाला हलवू देत नाहीत. हॅलमसाहेब म्हणाले, खोकं जरा डावीकडे घ्या. सेफस म्हणाले, "साहेब, तुमचा कॅमेरा उजवीकडे न्या. माझं खोकं वाऱ्याकडे तोंड करून बसत नसतं." शेवटी कॅमेराच गेला.

शेजारच्या मिस ओराली चर्चची टोपी घालून नळावर पाणी भरायला आल्या. साहेब म्हणाले, रोजच्यासारखं या. त्या म्हणाल्या, "मी रोज अशीच येते." सगळं अंगण हसलं. तरी त्यांनी टोपी काढली नाही, आणि म्हणून त्या सिनेमात नाहीत. अजून रुसलेल्या आहेत.

मी वळून बघत होते कारण कुणीतरी मला थांबवेल असं वाटत होतं. मला कॅमेऱ्यासमोर राहायला सांगितलं होतं, तरी वाटत होतं.

पपा काम करतात. खोक्यांचं सुतारकाम तेच करतात, सेफससाठी आणि आणखी दोन साउंडवाल्यांसाठीही. जेवतात व्यवस्थित. भोपळ्याचं सूप त्यांना जास्त आवडायला लागलंय, कॉर्नमीलची पेजही. हल्ली ते लोकांसमोर गात नाहीत. संध्याकाळी दाराशी बसतात आणि खोक्यावर बोटांनी ताल धरतात.

रस्त्यावर काळजीचे दिवस आहेत. पुढच्या वर्षी निवडणूक असेल म्हणतात, आणि आतापासूनच कोणत्या गल्लीने जायचं हे विचारून जावं लागतं. पण आपलं अंगण शांत आहे.

तुझी,
डेलरोज


बर्मिंगहॅम
१२ डिसेंबर १९७९

प्रिय डेलरोज,

पत्र पोचलं. मिस ओरालींना सांग, टोपीसकट त्या मला दिसल्या असत्या तर मी उभी राहून टाळ्या वाजवल्या असत्या.

पण पोरी, तुझी पत्रं फार स्वच्छ असतात. मी लाँड्रीतली बाई आहे. कापड जास्त स्वच्छ दिसलं की मी आधी विचारते, इथे डाग कसला होता?

आता ऐक. ईस्टरच्या सोमवारी मी चर्चमागचा हॉल घेतलाय. पन्नाशी झाली माझी, कुणी दुसरं साजरी करणार नाही, म्हणून मीच करतेय. तिकिटापुरते पैसे बाजूला आहेत. युटनने यायचं आणि गायचं. इथल्या सगळ्यांना मी सांगून बसलेय. माझ्याबरोबर काम करणारी मर्टेला तर म्हणते, "भाऊ खरा आहे की सिनेमातला भाड्याने आणलेला?" तिचं तोंड बंद करायचंय मला.

आणि तोवर एक कर. कॅसेट भरून पाठव. त्याला म्हणावं, गाणं नको असेल तर नुसतं बोल. "लुरलीन, तुझं डोकं अजून तसंच मोठं आहे का?" एवढं म्हटलं तरी चालेल. शेजारी कुणाकडे टेप असेलच.

कॅसेट पाठव, डेलरोज. बाकी काही नको.

लुरलीन आत्या


किंग्स्टन
१४ जानेवारी १९८०

प्रिय आत्या,

नाताळात सॉरेलचं सरबत केलं, घराला रंग लावला, मिस ओरालींनी केक पाठवला, असं सगळं लिहून मी एक पत्र तयार केलं होतं. त्यात एकही वाक्य खोटं नव्हतं. पाकिटावर तुझं नाव लिहिताना माझा हात थांबला. एकेक वाक्य खरं असूनही ते सगळं पत्र खोटं होतं. ते मी चुलीत घातलं.

पपांना आवाज नाही. चार वर्षं झाली. घशात गाठ होती. डॉक्टरांनी ऑपरेशन करून स्वरयंत्रच काढलं. गळ्यात एक छिद्र आहे, त्यातून ते श्वास घेतात. लाल रुमाल त्यावर असतो. ते कुजबुजूही शकत नाहीत. काही सांगायचं असेल तर खडूने पाटीवर लिहितात, नाहीतर खोक्यावर वाजवतात. एक टकटक म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. मला हाक मारायची असेल तर त्यांचा एक वेगळा ताल आहे. तो मी बाजारातून येताना गल्लीच्या तोंडाशीही ओळखते.

हॉस्पिटलमधून घरी आले त्या दिवशी त्यांनी पाटीवर पहिली गोष्ट लिहिली, "लुरलीनला कळवू नकोस." मी मान हलवली. ते माझे वडील आहेत, आणि त्यांच्याकडे तेव्हा मागण्यासारखं दुसरं काही उरलं नव्हतं. पण तुझ्या कॅसेटच्या पत्रानंतर मला झोप नाही. मी त्यांना तुझं पत्र पुन्हा वाचून दाखवलं आणि म्हटलं, "पपा, मी तिला लिहिणार. तुम्ही नाही म्हणालात तरी लिहिणार, पण चोरून लिहायचं नाही म्हणून सांगते." ते उठून बाहेर गेले. संपूर्ण दिवस रंधा मारत बसले. संध्याकाळी खोक्यावर एकच टकटक केली.

आता सिनेमातलं गाणं. हॅलमसाहेबांना पपांच्या गाण्याविषयी सेफसनी सांगितलं होतं, ते जुन्या आठवणीवर; आवाज गेल्याचं सांगितलंच नव्हतं. साहेब आले, म्हणाले, आम्हाला तुमचं गाणं हवंय. मला वाटलं पपा पाटी उचलतील. त्याऐवजी ते आत गेले आणि पलंगाखालची ती तबकडी घेऊन आले, फ्लॅनेलमध्ये गुंडाळलेली. तुला ती माहीत असेल, तू असतानाच भरलेली आहे. दुकानात विकायची नव्हती ती, फक्त सेफसच्या नाचासाठी एकच बनवलेली, मऊ लेपाची. मधल्या कागदावर काही नाही, जे लिहिलं होतं ते सेफसनी खिळ्याने खरवडलेलं. दुसऱ्या साउंडची माणसं नाचात येऊन वाकून वाचायची ना, कोण गातंय ते. कुणाला कळू नये म्हणून सगळेच खरवडायचे. त्यामुळे त्या तबकडीवर पपांचंही नाव नाही.

पपा ती वर्षानुवर्षं वाजवत नव्हते. मऊ तबकडी दर वेळी थोडी झिजते, सुई प्रत्येक वेळी काहीतरी घेऊन जाते. त्या दिवशी मात्र साहेब म्हणाले, पुन्हा. पुन्हा. ढग आला, पुन्हा. कुत्रा आला, पुन्हा. दर वेळी सेफस सुई ठेवायचे आणि पपा खोक्याला टेकून ओठ हलवायचे. सेफस माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "पोरी, तुझ्या बापाला सांग, पुरे आता. ती संपतेय." मी सांगितलं. पपांनी खोक्यावर दोनदा टकटक केली. नाही.

आता ती लावली तर कढईत तेल तडतडावं तसा आवाज येतो. गाणं नाही. ते आता फक्त सिनेमात आहे.

मी कपडे काढताना चोरट्यासारखी का बघत होते ते तुला कळलं असेल. मला वाटत होतं आपण सगळे मिळून जगाला फसवतोय. आणि पहिली फसशील ती तू, हे तेव्हा सुचलंही नव्हतं.

हॉल घेतलास, लोकांना सांगितलंस. मला फार वाईट वाटतं. रागावलीस तर माझ्यावर रागाव, त्यांच्यावर नको.

डेलरोज


बर्मिंगहॅम
३ फेब्रुवारी १९८०

माझ्या लाडक्या डेलरोज,

तुझं पत्र लाँड्रीच्या मागच्या पायरीवर बसून वाचलं. मर्टेला बाहेर येऊन म्हणाली, "कोण गेलं?" मी म्हटलं, "कुणी नाही. अगं, कुणीच गेलं नाही!" आणि तिला अशी मिठी मारली की तिच्या हातातला चहा माझ्या पाठीवर सांडला.

थिएटरात ते गाणं सुरू झालं तेव्हाच मला कळलं होतं की युटन गात नाही, ती तबकडी गातेय. कडव्याच्या शेवटच्या ओळीला दोन आवाज आहेत, लक्ष दिलंस का कधी? एक त्याचा. दुसरा बाईचा, जरा वरचा. पडद्यावर तर बाई कुठेच नाही. तुमच्या हॅलमसाहेबालाही ते खटकलं असणार, म्हणून त्या ओळीला त्याने कॅमेरा स्वयंपाकघराच्या खिडकीकडे वळवलाय. रिकामी खिडकी, पडदा हलतोय. जणू आत कुणी भांडी घासत घासत साथ देतंय.

ती मी आहे, डेलरोज.

तुझी आजी चर्चमधली मोठी असामी. नाचाचं गाणं म्हणजे तिच्या दृष्टीने सैतानाची शिट्टी. मी गायक मंडळात पहिल्या रांगेत. एका रविवारी बायबलच्या वर्गानंतर टोपी, हातमोजे, सगळं तसंच घालून युटनबरोबर स्टुडिओत गेले. नुसती बघायला म्हणून. शेवटच्या ओळीला त्याने मला कोपराने ढोसलं, आणि माझ्या तोंडून आवाज निघून गेला. मी घाबरून सेफसना म्हटलं, माझं नाव कुठे येणार नाही ना? ते म्हणाले, "सिस्टर, इथे त्याचंच नाव राहणार नाही, तुझं कुठून येईल?" आणि खिसा चाचपून खिळा दाखवला मला. त्यानंतर वर्षभरात मी इथे आले. चर्चमध्ये गाते अजून. पण तसं पुन्हा कधी गायले नाही.

मग मी तुला सरळ का नाही विचारलं? कारण मला भीती वाटत होती. आवाज जुना आहे म्हटल्यावर मनात आलं, माणूस का नाही गायला? कुठे आहे तो? सिनेमा कधीचा, आज काय? पडद्यावरचा माणूस काय, मेल्यावरही हनुवटीने रस्ता दाखवत राहतो. तुझं ते स्वच्छ पत्र आलं, सूप आणि पेज आणि बोटांचा ताल, आणि मला वाटलं, पोरगी मला हळूहळू तयार करतेय. म्हणून कॅसेट मागितली. मेलेला माणूस कॅसेट भरत नाही.

आवाज गेला. माणूस आहे. मला चालतं. त्याला सांग, मला चालतं.

हॉल मी मर्टेलाच्या मुलीच्या लग्नाला देऊन टाकलाय. तिकीट मात्र काढलं, माझं. ईस्टरला मी घरी येतेय. त्याच खोक्याच्या पाठीवर खडू घेऊन बसू आपण तिघं.

सिनेमा तिकडे लागला तर त्याला घेऊन जा. आणि एक विचारते, लाज वाटते तरी विचारते. ती ओळ आली की लोकांना मी ऐकू येते का ते बघ.

तुझी आत्या


किंग्स्टन
९ मार्च १९८०

प्रिय आत्या,

काल शनिवारच्या दुपारच्या खेळाला गेलो. सगळं अंगणच आलं. मिस ओराली टोपी घालून आल्या. मागच्या माणसाने, "बाई, टोपी काढा, दिसत नाही," म्हटल्यावर म्हणाल्या, "तुला मीच दिसायला हवी होते. यांनी कापलं." सेफस शेवटच्या रांगेत बसले, तिथून आवाज नीट कळतो म्हणाले. पपा माझ्याशेजारी. इस्त्रीचा शर्ट, धुतलेला रुमाल.

थिएटरात एवढा आरडाओरडा की अर्धे संवाद कळले नाहीत. पडद्यावरच्या पोरांना सगळे सल्ले देत होते. "डावीकडे नको, तिकडे पोलीस!" "अरे, तो ट्रॉम्बोनवाला बाईकडे गेलाय, तिथे शोधा!"

मग आपलं अंगण आलं. पपांनी माझा हात धरला. गाणं सुरू झालं आणि आत्या, सगळे गप्प झाले. शहाळं पिणारे प्यायचे थांबले. मी शेवटच्या ओळीची वाट बघत होते. आली. खिडकी दिसली, पडदा हलला, आणि तू होतीस. मी शूटिंगच्या दिवशी ते इतक्या वेळा ऐकलं होतं आणि एकदाही ऐकलं नव्हतं. त्या क्षणी पपांनी माझ्या हातावर एक टकटक केली. हो. त्यांना सगळी वर्षं माहीत होतंच, मलाच तुझ्या पत्राआधी कुणी सांगितलं नव्हतं.

ओळ संपली आणि जे झालं ते तुझ्या थिएटरात झालं नसेल. लोक खुर्च्यांवर हात आपटायला लागले. नाचात आवडतं गाणं लागलं की करतात तसं. "परत! उचल सुई! पहिल्यापासून लाव!" जणू समोर सेफस उभे आहेत आणि सिनेमा म्हणजे तबकडी. मला वाटलं आता मारामारी होणार. पण पडदा काळा झाला, दिवे लागले, आणि वरून यंत्रवाल्याने ओरडून सांगितलं, "थांबा रे, रीळ हाताने फिरवावं लागतं!" थिएटर हसून कोसळलं. त्यानेही सगळं आयुष्य सेफसच्याच नाचात काढलेलं असणार, दुसरं काही त्याला सुचलंच नाही.

पुन्हा अंगण, पुन्हा गाणं, पुन्हा खिडकी. या वेळी मधल्या रांगेतल्या एकाने मोठ्याने विचारलं, "ए, खिडकीत कोण आहे? ती बाई कोण?"

कुणी म्हणालं, त्याची बायको. कुणी म्हणालं, स्टुडिओतली पोरगी असेल, कोण ओळखतंय! मी पपांकडे बघितलं. ते मागे वळून त्या माणसाकडे बघत होते. त्यांचं तोंड उघडं होतं. पाटी घरी राहिली होती, आणि असती तरी अंधारात कोण वाचणार?

तुला माहीत आहे, मी वर्गाबाहेर मोठ्याने बोलत नाही. दुकानात सुद्धा माझा नंबर हुकतो. मी उभी राहिले. म्हटलं, "ती माझी आत्या आहे. लुरलीन. आणि गाणारे हे, युटन, माझे पपा." मग वाटलं, सगळ्यांना ऐकू गेलं नसेल, म्हणून तुझं नाव आणखी एकदा ओरडले. शेवटच्या रांगेतून सेफस म्हणाले, "खरं आहे. माझ्यासमोर गायली. हातमोजे घालून!"

वरच्या झरोक्यातून आवाज आला, "मग हे लुरलीनसाठी!" आणि दिवे पुन्हा लागले, रीळ पुन्हा मागे फिरायला लागलं.

हो आत्या. लोकांना तू ऐकू येतेस.

तिसऱ्या वेळी मी पडद्याकडे बघितलंच नाही. मी पपांकडे बघत होते. अंधारात त्यांचे ओठ हलत होते, शूटिंगच्या दिवशी हलत होते तसेच, शब्दाला शब्द. फक्त या वेळी कुणालाही फसवायचं नव्हतं.

डेलरोज